मांजराचा दुखावलेला स्नायु व नवे पुनर्जननोपचार

मांजर हा प्राणी शेतकऱ्याच्या जमाखर्चांत कोठेंच नोंदला जात नाहीं. बैलाची किंमत आपण सांगूं शकतों, गाईच्या दुधाचा हिशेब ठेवतों, कोंबडीच्या अंड्यांचाही ठेवतों; परंतु कणगीखालीं रात्रभर जागत बसणाऱ्या मांजरीमुळें वर्षाकांठीं किती पायल्या ज्वारी वांचली, हें कोणी मोजीत नाहीं. त्यामुळें ती जायबंदी झाली म्हणजे तिच्या उपचाराचा विचारही सहसा कोणी करीत नाहीं. मांजर कसेंही पडलें तरी पायांवरच पडतें, असें म्हणून आपण स्वस्थ बसतों.

अलीकडे मात्र एक निराळाच प्रश्न आमच्याकडे येऊं लागला आहे. शहरांतून पाळीव जनावरांसाठीं मोठे दवाखाने निघाले आहेत. तेथें मूलपेशी, म्हणजे ज्यांस स्टेम सेल म्हणतात त्या, टोचून, किंवा जनावराच्याच रक्तांतील प्लेटलेट वेगळ्या काढून दुखऱ्या जागीं घालून, फाटलेले स्नायु पूर्ववत् करितां येतात, असें आपले मुलगे फोनवर वाचतात व “आपल्या मांजरीला हें करून पाहावें काय?” म्हणून विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ह्या उपचारांत तथ्य आहे; परंतु तें कोठें आहे व कोठें नाहीं हें नीट पाहिल्यावांचून पैसा खर्च करणें, आणि त्याहून वाईट म्हणजे मुक्या जनावरास भूल व सुई ह्यांच्या स्वाधीन करणें, योग्य होणार नाहीं.

तथापि नव्या उपचारांकडे वळण्यापूर्वीं आमच्या हातून घडलेली एक चूक येथें सांगणें आम्हांस भाग आहे. कारण दुखावलेलीं मांजरें स्नायूच्या दुखापतीनें क्वचितच मरतात, पण घरच्या औषधानें मात्र मरतात. तीन वर्षांपूर्वीं आमची एक कबरी मांजरी खळ्यावरच्या कुत्र्याच्या तावडींतून सुटून आली, ती मागचा उजवा पाय ओढीतच आली. मांडी सुजली होती. हात लावूं देईना. रात्रीची वेळ, आणि पशुवैद्य तालुक्याच्या गांवीं. घरांत तापावरच्या पांढऱ्या गोळ्या होत्या. माणसाच्या अंगदुखीला जी गोळी चालते ती मांजराला अर्धी चालेल, इतका सोपा विचार करून आम्हीं पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळी दुधांत कालवून तिला पाजली. पहाटे तिच्या हिरड्या मातकट तपकिरी दिसूं लागल्या, तोंड व पंजे सुजले, धाप लागली. दुपारपर्यंत ती गेली. पाय कदाचित् महिन्याभरांत बरा झाला असता.

असें कां झालें तें आम्हांस मागाहून कळलें. हें औषध निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची जी रासायनिक योजना माणसाच्या यकृतांत असते, ती मांजरांत फारच दुबळी आहे. त्यामुळें औषधाचें विष बनून तें तांबड्या रक्तपेशींवर पडतें, व रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति नाहींशी होते. चार किलो वजनाच्या मांजरास ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीही प्राणघातक होऊं शकते. चुकून पोटांत गेलीच तर वाट न पाहतां पशुवैद्याकडे न्यावें. ॲसिटिलसिस्टीन नांवाचा उतारा आहे, परंतु तो वेळेवर मिळाला पाहिजे. ॲस्पिरिनचीही तीच कथा. दिलेल्या ॲस्पिरिनपैकीं अर्धें कुत्र्याच्या अंगांतून सुमारें साडेआठ तासांत निघून जातें. मांजरास त्यासाठीं दीड दिवस लागतो. सकाळ-संध्याकाळ दिलें तर आंत सांचत जातें. डायक्लोफेनॅक हें जनावरांना देण्यास आपल्या देशांत २००६ सालीं बंदी झाली ती गिधाडांच्या नाशामुळें. परंतु घरांत माणसासाठीं आणलेल्या त्याच्या गोळ्या असतात, त्याही मांजराच्या वाटेस जाऊं देऊं नयेत. कापूर किंवा विंटरग्रीनचें तेल असलेलीं मलमें तर मुळींच चोळूं नयेत, कारण मांजराच्या अंगाला लावलेलें सर्व शेवटीं त्याच्या पोटांत जातें. हळदीचा लेप विषारी नव्हे. पण तो चाटून काढीपर्यंत मांजर स्वस्थ बसत नाहीं, आणि त्या वळण्या-चाटण्यानें दुखऱ्या पायास अधिकच ताण बसतो.

दुसरी गोष्ट निदानाची. मांजर लंगडलें म्हणजे स्नायूच दुखावला असें धरून चालूं नये. बोक्यांच्या मारामारींत सुळ्याचें भोंक केसांखालीं दिसतही नाहीं. तीन-चार दिवसांनीं तेथें गळूं होतें, ताप येतो, व लंगडणें त्याचें असतें. शेपूट दारांत सांपडून किंवा चाकाखालीं येऊन ओढली गेली व लुळी पडली, तर मूत्राशयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंनाही इजा झालेली असूं शकते. अशा मांजरास लघवी होते कीं नाहीं हें त्याच दिवशीं पाहिलें पाहिजे. उंचावरून पडलेल्या मांजरांविषयीं न्यूयॉर्क येथील एका पशुरुग्णालयांतून १९८७ सालीं १३२ मांजरांची हकीकत प्रसिद्ध झाली. उपचार मिळालेल्यांपैकीं शेंकडा ९० जगलीं हें खरें, परंतु बहुतेकांच्या छातीस मार होता, व पुष्कळांचे जबडे व टाळू फुटले होते. पायांवर पडणें म्हणजे सुखरूप पडणें नव्हे. म्हणून पडलेलें मांजर लंगडत असलें तरी आधीं त्याचा श्वास पाहावा, मग पाय.

ह्या सर्वांहून फसवें दुखणें एक आहे, तें मुद्दाम सांगतों. कांहींएक मार लागलेला नसतां मांजराचे मागचे पाय एकाएकीं जातात, तें मोठ्यानें ओरडूं लागतें, पाय हाताला थंड लागतात, तळव्याच्या गाद्या फिक्या किंवा निळसर दिसतात. ही स्नायूची दुखापत नव्हे. बहुधा हृदयाच्या रोगामुळें झालेली रक्ताची गुठळी महाधमनीच्या फांट्यावर येऊन अडकलेली असते. अशा पायास चोळणें वा शेकणें व्यर्थ. तास-दोन तासांचाही विलंब करूं नये. पाहणारे म्हणतात, “माळ्यावरून पडली असेल.” आणि त्यांतच वेळ जातो.

हाड, सांधा, मज्जातंतु व रक्तवाहिनी हीं सर्व तपासून मग उरतो तो स्नायु. त्यासाठीं क्ष-किरण चित्र लागतें. तालुक्याच्या दवाखान्यांत ती सोय नसेल तर मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर व नागपूर येथें पशुवैद्यक महाविद्यालयें आहेत; त्यांपैकीं मुंबईचें परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें आहे.

आतां स्नायु कसा बरा होतो तें पाहूं, म्हणजे नवे उपचार त्यांत काय करूं पाहतात हें समजेल. १९६१ सालीं अलेक्झांडर मॉरो नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें बेडकाच्या पायाचा स्नायु इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत असतां, स्नायूचा तंतु व त्याचें बाहेरचें पातळ आवरण ह्यांच्या सांदींत लहान लहान पेशी निजलेल्या असल्याचें दाखविलें. तंतूच्या कडेला उपग्रहासारख्या असल्यामुळें त्यांस सॅटेलाइट पेशी हें नांव पडलें. स्नायूला मार बसला म्हणजे मेलेला भाग खाऊन टाकणाऱ्या पेशी रक्तांतून तेथें जमतात. सूज व ठणका हा पुष्कळ अंशीं त्याच साफसफाईचा परिणाम होय. त्याच सुमारास ह्या निजलेल्या पेशी जाग्या होतात, दुणावतात, एकमेकींशीं मिळून नवा तंतु बनवितात, आणि त्यांपैकीं कांहीं पुन्हां निजून पुढच्या प्रसंगासाठीं राहतात. पेरणीनंतर पडलेले नांगे आपण मागाहून बीं टोबून भरतों, त्याच जातीचें हें काम. फरक एवढाच कीं येथें बीं आधींच शेतांत ठेवलेलें असतें.

तंतूचें बाहेरचें आवरण शाबूत असेल तर नवा तंतु त्याच नळींत सरळ वाढतो, व कांहीं आठवड्यांत पुष्कळसें काम उरकतें. परंतु आवरणासकट लचका गेला, किंवा त्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तर ती जागा तंतुमय वणानें भरते. वण स्नायूसारखा आवळत नाहीं व सैलही होत नाहीं. पुढें तो घट्ट होऊन पाय आखडतो. स्नायूच्या दुखापतींत भिण्यासारखें जें आहे तें हें. नुसती सूज नव्हे.

ह्या ज्ञानांतील एक मोठा भाग मांजरांवरील प्रयोगांतूनच मिळालेला आहे. १९६० सालीं ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें बुलर, जॉन एकल्स व रोझमंड एकल्स ह्यांनीं मांजरांच्या मागल्या पायांतील एका जलद व एका मंद स्नायूचे मज्जातंतु कापून त्यांची अदलाबदल करून जोडले. कालांतरानें मंद स्नायु जलद होऊं लागला, व जलद स्नायु मंदावला. स्नायूचा स्वभाव त्याच्या मज्जातंतूवर किती अवलंबून आहे हें त्यावरून दिसलें. मज्जातंतूच पोहोंचला नाहीं तर नवा वाढलेला तंतु कामास येत नाहीं व सुकत जातो. पुढें मिशिगन विद्यापीठांत मांजराच्या पायाचा एक स्नायु सबंध काढून पुन्हां बसवून पाहिला. त्यांतील बरेच तंतु मेले, त्यांच्या जागीं नवे उगवले. परंतु मूळ स्नायूइतकें बळ त्यास आलें नाहीं. त्या मांजरांस ह्या ज्ञानाचा कांहींच उपयोग नव्हता. निदान त्यांच्या जातीला तरी तो व्हावा.

आतां पुनर्जननोपचार. त्यांत मुख्य दोन. एकांत जनावराचें थोडें रक्त काढून, यंत्रांत फिरवून, प्लेटलेटनीं समृद्ध असा पातळ भाग वेगळा करितात व दुखऱ्या जागीं टोचतात. प्लेटलेटमध्यें जखम भरण्यास चालना देणारीं द्रव्यें असतात. दुसऱ्यांत बहुधा चरबीच्या तुकड्यांतून विशिष्ट पेशी काढून, पुष्कळदां प्रयोगशाळेंत वाढवून, टोचतात. ह्याखेरीज लेसर किरण व ध्वनीचे धक्के हेही ह्याच नांवाखालीं सांगितले जातात. त्यांचा विचार येथें करीत नाहीं.

टोचलेली पेशी स्वतःच स्नायु होऊन बसते असा सामान्य समज आहे. चरबींतून काढलेल्या पेशींच्या बाबतींत तसें बहुधा होत नाहीं. त्यांपैकीं बहुतेक थोड्या दिवसांत नाहींशा होतात. तेवढ्या अवधींत त्यांतून पाझरणारीं द्रव्यें दाह आवरतात व तेथल्या मूळच्या पेशींस उत्तेजन देतात. म्हणजे त्यांस बियाणें न म्हणतां वरखत म्हणणें अधिक बरोबर. आणि वरखताचा उपयोग तरी केव्हां? खालीं पीक उभें असेल व जमिनींत वाफसा असेल तेव्हां. रक्तपुरवठा नसलेल्या, मज्जातंतु तुटलेल्या, किंवा आधींच वणानें भरून गेलेल्या जागीं सुई टोचून काय साधणार?

पुरावा कोठपर्यंत आहे तें सांगतों. घोड्यांच्या कंडरांवर ह्या शतकाच्या आरंभापासून हे उपचार होत आले आहेत, व तेथें अनुभव सर्वांत अधिक आहे. कुत्र्यांत, पोलिसांच्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांच्या मांडीमागील स्नायूच्या दुखापतीवर चरबींतील पेशी टोचल्याची हकीकत २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. कुत्रीं पुन्हां कामावर गेलीं. हा रोग चिवट म्हणून प्रसिद्ध असल्यामुळें ही गोष्ट आशादायक आहे. परंतु तुलनेसाठीं बिनउपचाराचीं कुत्रीं बाजूला ठेवलेलीं नव्हतीं, हें विसरतां येत नाहीं. नवें बियाणें एका शेतांत पेरून, शेजारीं जुन्याचा वाफा न ठेवतां, उतारा वाढला असें कोणी सांगितलें तर आपण काय म्हणूं?

मांजरांत ह्या पेशींचा सर्वांत नांवाजलेला उपयोग स्नायूंवर झालेला नाहीं, तर तोंडाच्या रोगावर झालेला आहे. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील विद्यापीठानें २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दांत काढूनही न शमलेल्या हिरड्यांच्या व तोंडाच्या दाहानें पिडलेल्या ७ मांजरांना त्यांच्याच चरबींतील पेशी शिरेवाटें दोनदां दिल्या. ५ मांजरांना गुण आला. उलट मूत्रपिंडाच्या जुनाट रोगावर कोलोरॅडो येथें दुसऱ्या मांजरांच्या पेशी देऊन पाहिल्या, त्यांत म्हणण्यासारखी सुधारणा झाली नाहीं. एकच औषध एका रोगांत चालतें व दुसऱ्यांत चालत नाहीं, ह्यांत नवल नाहीं. मात्र मांजराच्या फाटलेल्या स्नायूवर हा उपचार विश्रांतीपेक्षां सरस ठरतो, असें तुलनेच्या प्रयोगानें सिद्ध झालेलें नाहीं. आणि तोंडाच्या रोगाचें यश दाखवून पायाच्या उपचाराचे पैसे मागणें हें आमच्या मतें बरोबर नाहीं.

शिवाय मांजर म्हणजे लहान कुत्रें नव्हे. त्याच्या प्लेटलेट फार चटकन् एकमेकींस चिकटतात, त्यामुळें रक्त काढतांनाच त्यांच्या गुठळ्या होऊन सर्व खटाटोप फुकट जाण्याचा संभव असतो. चार किलोच्या मांजराच्या अंगांत सारें रक्त पावलिटरच्या आसपास. त्यांतून किती काढावयाचें ह्यास मर्यादा आहे. चरबी काढण्यास भूल द्यावी लागते. आणखी एक गोष्ट जाहिरातींत सहसा नसते. १९९१ सालीं पेनसिल्व्हेनियांतील पशुवैद्यांनीं असें लक्षांत आणून दिलें कीं लस टोचलेल्या जागीं कांहीं मांजरांस सार्कोमा नांवाचा दुष्ट कर्करोग होतो; पुढें इतर सुयांनंतरही तो क्वचित् आढळला. हें फार विरळ आहे, आणि त्यासाठीं रेबीजची लस टाळणें तर वेडेपणाच होईल. परंतु मांजराच्या शरीरांत दीर्घकाळ राहिलेला दाह कधीं कधीं भलतीकडे वळतो, हें ज्यास ठाऊक आहे तो त्याच्या मांडींत उगीच सुया टोचणार नाहीं.

माणसांच्या बाबतींत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मूलपेशींचा बहुतेक उपयोग अद्याप संशोधनच समजावा, उपचार म्हणून विकूं नये, असें सांगितलें आहे. मांजरांच्या बाबतींत त्याहून सैल हातानें वागण्याचें कारण दिसत नाहीं.

तेव्हां हा उपचार कोणीच करूं नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. हाड व मज्जातंतु शाबूत आहेत, विश्रांति व पुढें व्यायाम नीट दिला आहे, तरी दोन-अडीच महिन्यांनीं पाय आखडूं लागला आहे, अशा मांजराविषयीं महाविद्यालयाच्या रुग्णालयांत विचारून पाहावें. मात्र विचारतांना स्पष्ट विचारावें: पेशी कोणाच्या, ह्याच मांजराच्या कीं दुसऱ्या, दुसऱ्याच्या असल्यास त्या मांजराची संसर्गजन्य रोगांसाठीं तपासणी झाली आहे काय, पेशी जिवंत आहेत व किती आहेत हें कोणी मोजलें, आजवर किती मांजरांच्या स्नायूंवर त्यांनीं स्वतः हें केलें व त्यांचें पुढें काय झालें. ज्याच्यापाशीं उत्तरें आहेत तो रागावत नाहीं.

बाकी सर्व मदार साध्या उपचारावर. पहिले एक-दोन दिवस बर्फ फडक्यांत गुंडाळून दहा-दहा मिनिटें, मांजर सोसेल तेवढाच, सुजेवर धरावा. दुखणें थांबविण्याचें औषध पशुवैद्यच वजन पाहून देईल. मांजरांस चालणारीं औषधें आहेत, परंतु त्यांचें प्रमाण फार बारीक असतें, व मूत्रपिंडें धड आहेत कीं नाहींत हें आधीं पाहावें लागतें. मग कोंडून ठेवणें. आपणांस हें निष्ठुर वाटतें, पण मोकळें मांजर उडी मारल्यावांचून राहत नाहीं, आणि एका उडींत नवे कोंवळे तंतु तुटतात. दोनतीन आठवडे कोंडावें, नंतर खोलींत सोडावें, व अगदीं शेवटीं अंगणांत. पार निश्चळ ठेवणेंही चांगलें नव्हे. सूज ओसरल्यावर पशुवैद्यानें दाखविल्याप्रमाणें पाय हलकेच लांबवावा व मिटवावा, म्हणजे वण आखडून बसत नाहीं. खाण्याकडे नीट लक्ष द्यावें. मांजर, विशेषतः अंगानें भरलेलें, दोनतीन दिवस अन्नावांचून राहिलें तर त्याच्या यकृतांत चरबी सांचून दुसराच जीवघेणा रोग होतो. मासळी, अंडें, जें खाईल तें द्यावें.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं आमच्या आतांच्या मांजरीचा मागचा डावा पाय कोठीच्या दारांत सांपडला. ह्या वेळीं गोळी दिली नाहीं. पहाटेच्या पहिल्या गाडीनें तिला घेऊन गेलों. हाड शाबूत निघालें, मांडीचा स्नायु ठेंचला होता. शहरांतील एका पशुवैद्यांस आम्हीं वरील प्रश्न विचारले. त्यांनीं सरळ सांगितलें कीं आधीं सहा आठवडे वाट पाहा, सुई कोठें पळून जात नाहीं. कोंबड्यांचें मोठें खुराडें धुऊन, खालीं पोतें अंथरून, एका कोपऱ्यांत वाळूची पाटी ठेवून तिला ओसरीवर कोंडलें. पहिल्या आठवड्यांत तिच्या ओरडण्यानें घरांत कोणास झोंप नव्हती, आणि उंदरांनीं तेवढ्यांत भुइमुगाच्या बियाण्याचीं दोन पोतीं कुरतडलीं. सहा आठवड्यांनीं ती न लंगडतां चालूं लागली. माळ्यावर उडी मात्र अजून पोहोंचत नाहीं. म्हणून माळ्याला टेकून एक फळी तिरपी लावून दिली आहे, व नखें रुतावींत म्हणून तिच्यावर गोणपाट ठोकलें आहे. चार दिवस ती फळीकडे पाहून परत फिरे. आतां दिवेलागणीला वर जाते.